तुझा खोकला मी सांगितला

बाय, तेराव्याची मोठी पातेली अजून पडवीत पालथी पडलीत. मंडळाचा माणूस न्यायला येतो म्हणाला होता, आला नाही. तू असतीस तर एव्हाना कोणाला तरी पिटाळलं असतंस. "दुसऱ्याची भांडी घरात ठेवून झोप कशी लागते गो तुमाला?" झोप मला तशीही लागत नाही, पण त्यात भांड्यांचा काही दोष नाही.

लोक येतात, बसतात, चहा घेतात आणि सगळे एकच विचारतात. पोटाचं ऑपरेशन होतं ना, मग छातीत कसं काय झालं? तुझा संतोष आधी नीट समजावून सांगायचा. आता तो नुसता "न्यूमोनिया झाला" म्हणतो आणि गोठ्याकडे निघून जातो. आईच्या मरणाची तीच तीच गोष्ट पोरगा किती वेळा सांगणार. तो गेला की सगळे माझ्याकडे बघतात. दवाखान्यात तुझ्याजवळ मी होते, आणि या घरातली तोंडाळ कोण, हे टोकावड्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. पण माझ्याही तोंडून शब्द निघत नाही. तुझी धाकटी जाऊ गप्प बसलीय, हे बघायला तरी तू हवी होतीस.

त्यांना काय सांगू? तुला स्वतःलाच ते कधी पटलं नाही. पित्ताच्या पिशवीतले खडे काढायचे तर डॉक्टर छातीला नळी का लावतात, यावरून तू केवढा वाद घातला होतास माझ्याशी. "दुखतं हितं," पोटावर हात ठेवून तू म्हणायचीस, "आणि ही लोकं हात लावतात तितं."

मी लग्न होऊन आले त्या दिवशी सासूबाईंनी तुझ्याकडे बोट केलं. ही थोरली, हिला बाय म्हणायचं आणि ही सांगेल ते ऐकायचं. बाय म्हटलं. ऐकण्याचं मात्र जमेल तसं. एका चुलीवर आपण जन्म काढला आणि एक दिवस भांडल्याशिवाय गेला नाही. मीठ जास्त, सरपण ओलं, कोंबडी कोणाच्या हातून सुटली. मी तडातडा बोलून मोकळी व्हायचे. तू बोलायची नाहीस. तू अबोला धरायचीस, आणि तुझा अबोला म्हणजे सुंभ जळला तरी पीळ जाणार नाही असा. मी समोर बसलेली असताना संतोषला सांगायचीस, "तुझ्या काकीला म्हणावं, भाकरी गार होतेय." पोरगा पण द्वाड. तो उठून माझ्या कानाशी येऊन मोठ्यांदा सांगायचा.

गावात कोणी बाळंत झाली की तुला बोलावणं यायचं. बाळाला तेल लावायचं, बाळंतिणीला न्हाऊ घालायचं, बाजेखाली शेगडी सरकवून ओव्याची, बाळंतशेपांची धुरी द्यायची, आणि सगळं झालं की जुन्या लुगड्याच्या पट्ट्यानं तिचं पोट आवळून बांधायचं. पुढे बाया दवाखान्यात बाळंत व्हायला लागल्या, तरी घरी आल्यावर पोट बांधायला तूच. पोट मोकळं राहिलं तर वारा धरतो, हे तुझं सांगणं. ज्या घरी गेलीस त्या घरातल्या पोरी आजही सांगतात, बायचा हात लागला की अंग हलकं व्हायचं. खोटं नाही ते. माझ्याही दोन्ही बाळंतपणात तुझेच हात होते. पहिल्या वेळी मी घाबरून रडत होते. माझी आई वेळेवर पोचली नव्हती आणि तू माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस. ते मी विसरले नाही. पण ते तुला कधी सांगितलंही नाही. जावेला असलं काही सांगायची पद्धत कुठे आहे आपल्यात?

पट्टा तू इतका घट्ट ओढायचीस की मी ओरडायचे, "बाय, श्वासाला जागा ठेव गो." तू म्हणायचीस, "श्वास वर घे. खाली काय काम आहे तुझ्या श्वासाचं?"

अंगणवाडीत कामाला लागले तेव्हापासून मी तुझ्या लेखी शिकलेली झाले. तिथल्या ताईंनी सांगितलेलं मी तुला येऊन ऐकवायचे. कोवळ्या पोराला धुरीत ठेवू नये, बाळंतिणीचं पोट असं आवळू नये. तू निमूट ऐकून घ्यायचीस आणि दुसऱ्या दिवशी शेगडी पेटवायचीस. त्या धुरीत बाळंतीण राहायची थोडे दिवस, पण तू तर साऱ्या गावाची धुरी प्यायलीस. एक झाली की दुसरी. दार लावलेलं, खिडकी नाही, आणि तू त्यात बसून पोराला तेल चोळतेयस. शिवाय घरची चूल, शिवाय भाताच्या रोपांसाठी राब भाजायच्या दिवसांत शेतातला धूर, आणि सकाळची ती गोठ्यामागची विडी. विडीनं पोट साफ होतं म्हणे. सासूबाईंनी लावलेली सवय, त्या गेल्या तरी तू चालू ठेवलीस. यातलं एकही तुला कधी धूर वाटलं नाही. धुरी म्हणजे औषध, चूल म्हणजे स्वयंपाक, राब म्हणजे शेती.

पोटात कळ यायला लागली तेव्हा तू लपवलंस. तळलेलं खाल्लं की रात्रभर भिंतीला पाठ लावून बसायचीस आणि सकाळी म्हणायचीस, वायू झाला. मुरबाडला सोनोग्राफी केली तेव्हा कळलं, पिशवी खड्यांनी भरलीय. त्यांनी कल्याणच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. दुर्बिणीतून होईल, लगेच घरी जाल, असं सांगितलं. पण पहिली तारीख अंगात रक्त कमी म्हणून पुढे गेली. गोळ्या खाऊन रक्त वाढलं, दुसरी तारीख मिळाली, आणि नेमका त्याच सुमारास तुला खोकला झाला. संतोषनं कंपनीतून सुट्टी काढली होती. तू मला पडवीत गाठलंस. "दवाखान्यात खोकल्याचं बोलू नको. परत धाडतील." मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. तू ते हो धरलंस.

भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी तुला खुर्चीवर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली.

"आजी, खोकला आहे का?"

"नाय."

"कफ पडतो का?"

"नाय."

"विडी, तंबाखू?"

"मिश्री लावते जराशी. ती समदीच लावतात."

"घरात चूल आहे की गॅस?"

"गॅस हाय." हे खरंच होतं. गॅस आहे, त्यावर चहा होतो.

"धुराचं काही काम करता?"

"नाय बा."

"जिना चढताना दम लागतो?"

"आमच्याकडं जिना कुठला आलाय?"

मॅडम हसल्या. मला पण हसू आलं असतं, पण तेवढ्यात तू खोकला दाबलास. तोंड मिटून, डोळ्यांत पाणी आणून दाबलास, आणि माझी जीभ सुटली. मी म्हटलं, मॅडम, ती खोटं बोलते. खोकला आहे, सकाळी हिरवट कफ पडतो. गोठ्यामागे जाऊन विडी ओढते. भाकऱ्या चुलीवरच होतात आमच्या. आणि जन्मभर बाळंतिणींना धुरी देत दारं लावून बसलीय ही बाई. एका दमात बोलून गेले. तू माझ्याकडे बघितलंस, बाय. तू माझ्याकडे अनेकदा रागानं बघितलंयस, पण हे तसं नव्हतं.

मॅडमनी तुझी छाती पुढून, मागून तपासली आणि संतोषला समजावलं. पोट कापलं की श्वास घेताना दुखतं. मग माणूस वरवरचा श्वास घेतं, खोकत नाही. फुप्फुसाचा खालचा भाग मिटत जातो, कफ तिथेच साचतो आणि त्यात जंतू वाढतात. धडधाकट माणूस यातून निघतं. पण छाती आधीच धुरानं दमलेली असेल, वर ताजा खोकला असेल, तर धोका फार. "आधी हा खोकला जाऊ दे, विडी पूर्ण बंद करा. मग मीच बोलावते," त्या म्हणाल्या. तारीख पुन्हा पुढे गेली.

एसटीत तू माझ्याजवळ बसली नाहीस. मुरबाडच्या स्टँडवर मी केळी घेतली, ती पण घेतली नाहीस. घरी पाय धुताना एकदाच बोललीस. "तुला काय गरज व्हती गो? माजा खोकला, माजी छाती. तू कोण सांगणारी?"

मी म्हटलं, "मी नाही सांगणार तर कोण?"

"पोट माजं दुखतं. तुजं नाय दुखत."

त्यानंतर अबोला. मी वाफेचं पाणी आणून ठेवायचे, तू ते गार होऊ द्यायचीस. औषध संतोषच्या हातून घ्यायचीस. विडी बंद केलीस की नाही, ते मला आजही माहीत नाही. मी गोठ्यामागे जाऊन हुंगायचे. पण धुराचा वास तुझ्या लुगड्याला जन्माचाच होता, त्यावरून काय कळणार? चुलीसमोर मी बसते म्हटलं तर तू आधीच जाऊन बसलेली असायचीस. मला राग यायचा. म्हटलं, बरी हो, ऑपरेशन होऊ दे, मग बघते तुझ्याकडे. माझ्या मनात सगळं मगचं होतं.

आणि एक दिवस ओट्यावर नाचणी पाखडताना तू सूप टाकून आडवी झालीस. थंडी वाजून ताप भरला, पोटाला हात लावू देईनास. गाडीत घालून कल्याणला नेलं. पिशवीत पू झालाय, आता थांबता येणार नाही, असं सांगितलं. त्याच मॅडम आल्या. त्यांनी तुझ्या छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा उतरला. मी विचारलं, खोकला अजून आहे, मग कसं करता? त्या म्हणाल्या, "आता खोकला जाईपर्यंत थांबले तर पोटातला पू थांबणार नाही. धोका दोन्हीकडे आहे. हा मोठा आहे." संतोषनं सही केली. दुर्बिणीचं पण जमलं नाही. आत सगळं चिकटलं होतं, उजव्या फासळ्यांखाली मोठा छेद घ्यावा लागला.

आत नेताना मी तुझ्या ढकलगाडीबरोबर दारापर्यंत चालत होते. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तवाच झालं असतं ना."

बाय, हे वाक्य मी जेवताना ऐकते, अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढताना ऐकते. तेव्हाच झालं असतं. दुर्बिणीतून, छोट्या भोकांतून, पू व्हायच्या आधी. मी गप्प बसले असते तर. चांगलं करायला गेले आणि झालं भलतंच.

ऑपरेशन चांगलं झालं, हे खरं आहे. सर्जन खूश होते. पोटाचं काम झालं, आता सगळं आजींच्या श्वासावर आहे, असं ते म्हणाले. त्यांना वाटलं असेल, हा भाग सोपा. त्यांना तू माहीत नव्हतीस.

मॅडमनी तुला तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र दिलं. नळीतून श्वास ओढायचा आणि गोळ्या वर चढवायच्या. पोटावर उशी दाबून धरायची आणि खोकून कफ बाहेर काढायचा. दुखलं तर सांगा, दुखणं कमी करायचं औषध देऊ, पण खोकायचं. बसायचं, खुर्चीत यायचं, उद्या चालायचं. तू ऐकून घेतलंस. मॅडमसमोर एक गोळी चढवलीस, आणि दुसरी चढेना तेव्हा कळवळून यंत्र खाली ठेवलंस. "पोरांचं खेळणं हाय," म्हणालीस. मॅडम गेल्यावर मी ते तुझ्या तोंडाशी धरलं तर तू मान वळवलीस. संतोषनं धरलं की घ्यायचीस थोडं. पण त्याला आत फारसं सोडत नसत, बायकांचा वॉर्ड तो. म्हणजे दिवसभर तुझ्याजवळ मी, आणि माझ्या हातून तू श्वास पण घेईनास.

भेटायला येणारा प्रत्येक जण सांगायचा, हलू नको, पडून राहा, जिवाला आराम दे. आपल्याकडे प्रेम करायची रीतच ती. आजाऱ्याला उठवणारा म्हणजे वैरी. तानशाहून तुझी बहीण आली, आपली यमुनामावशी. ती उशाशी बसली आणि तुला खोकला आला की तुझ्या तोंडावर हात ठेवायची. "खोकू नको गो माजे बाय, टाके उसवतील. दाबून धर." तू दाबून धरायचीस. घशात घरघर वाजायची आणि तिथेच जिरायची. मी मावशीला म्हटलं, खोकू दे तिला, डॉक्टरच सांगतात. मावशी म्हणाली, "डाक्टरला काय, त्यांचं पोट हाय का?" तू डोळे मिटून होतीस, पण गालात हसलीस. बहिणी शोभलात.

मग ते पोट बांधणं. तू मला आधी इशाऱ्यानं विचारलं होतंस, पोटाशी हात फिरवून. मी म्हटलं, सिस्टरना विचारू. सिस्टर म्हणाल्या, चालताना दवाखान्याचा पट्टा लावू, हलका, झोपताना काही नको. तुला तो हलका पट्टा कसला पटणार? दुपारी मी औषधं आणायला खाली गेले, वर आले तर मावशी कडेला उभी राहून पदर सावरत होती आणि तुझ्या तोंडावर मला कधीची न दिसलेली शांती होती. चादर बाजूला केली तर लुगड्याचा पट्टा. तानशाहून पिशवीत घालून आणलेला. बरगड्यांपासून ओटीपोटापर्यंत आवळलेला, गाठ बाजूला, जशी तू घालायचीस तशी. तूच तिला सांगून घालून घेतलीस. ज्या पोटांना तू जन्मभर सावरलंस, त्यांच्यासारखंच हे एक पोट, तुझं. श्वास वरवर चालला होता, गळ्यापाशी. खाली त्याचं काही काम नव्हतं.

मी सिस्टरना सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं. काय करू, मला येतच नाही दुसरं काही. सिस्टर आल्या, मावशीवर ओरडल्या, पट्टा सोडला आणि माझ्याच हातात दिला. चार बायांसमोर तू उघडी पडलीस. तू मला बोललीस, धापा टाकत, थांबून थांबून. "जीभ आवर गो तुझी. तुझ्या जिभेनंच आणलंय मला हितं." आणि भिंतीकडे तोंड केलंस.

मला वाटलं, बोलली. अबोला सुटला. रागानं का होईना, थेट मला बोलली, संतोषच्या मार्फत नाही. मला बरं वाटलं, बाय. आणि तेच माझ्याशी शेवटचं बोलणं ठरलं.

त्या संध्याकाळीच ताप चढला. मग धाप. छातीचा फोटो काढला तर दोन्हीकडे खाली पांढरं. नाकाला ऑक्सिजन, मग तोंडावर मास्क. मग मॅडम स्वतः आल्या आणि तुला आयसीयूत नेलं, घशात नळी घातली. नळी घातली की माणसाला झोपेचं औषध देतात. म्हणजे आता तुझ्या मनात असतं तरी तू बोलली नसतीस. मला हे दाराबाहेरच कळलं. मी मॅडमना म्हटलं, नळी घालायच्या आधी मला एकदा आत सोडायचं होतं. त्या म्हणाल्या, वेळ नव्हता हो.

भेटायच्या वेळेला एकेकाला आत सोडायचे. मी गेले. तुझा हात सुजला होता, मनगटातली बांगडी काढून घेतली होती. मशीन तुझ्यासाठी श्वास घेत होतं, एकसारखा, तुझा कधीच नव्हता इतका शिस्तीचा. मी म्हटलं, "बाय, नाचणी पाखडून झाली. भरून ठेवली." अजून काय काय बोलले. शेजारणीची शेळी व्याली, ते पण. जे सांगायचं होतं ते सोडून सगळं सांगितलं. नर्स म्हणाली, काकी, वेळ झाली.

तू गेल्यावर, संतोष कागदपत्रांसाठी फिरत होता तेव्हा मॅडम बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसल्या. मी सरळ विचारलं. मी त्या दिवशी बोलले नसते, तुम्ही तेव्हाच ऑपरेशन केलं असतं, तर ती वाचली असती का? मला वाटलं, त्या नाही म्हणतील. डॉक्टर माणूस, समजूत घालेल. त्यांनी गळ्यातली नळी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "तेव्हा पण छाती तीच होती. कदाचित तेव्हाच हे झालं असतं. कदाचित नसतं झालं. तुम्ही सांगितलंत म्हणून मी थांबले, आणि पुन्हा तसंच कोणी सांगितलं तर पुन्हा थांबेन. पण तुम्हाला हवंय ते उत्तर माझ्याकडे नाही."

मी म्हटलं, मग नक्की कशानं गेली? त्या सांगत गेल्या. वय, वर्षानुवर्षांचा धूर, विडी, अंगात रक्त कमी, तो खोकला, घाईचं ऑपरेशन, छेद फासळ्यांच्या इतका जवळ, त्यात पडून राहणं, खोकला दाबणं. एकटं कुठलंच कारण पुरं नाही. सगळी एकत्र जमली. मला एक हवं होतं, बाय. एक असतं तर त्याला शिव्या घातल्या असत्या. धूर म्हणावं तर तो तुझ्या सगळ्या चांगुलपणाचा धूर. तू ज्या पोरींना जगवलंस त्यांच्या खोल्यांमधला. त्याला कुठल्या तोंडानं शिव्या घालू?

दहाव्याला मावशी आली होती. सगळे पुढे गेल्यावर तिनं माझा दंड धरला. "मी बांदलं म्हणून झालं का गो? खरं सांग, तू खोटं बोलत नायस." मी म्हटलं, "नाय मावशी. त्यानं काय व्हतंय?" ती रडली आणि मग तिनं श्वास सोडला, लांब. मी आयुष्यात पहिल्यांदा तोंडावर धडधडीत खोटं बोलले आणि ते तिला पटलं पण. ती तानशाला गेली, आता जेवतेय म्हणतात. मला असं खोटं कोण सांगणार? संतोष सांगतो, "काकी, तू बरोबरच केलंस." मोठा समजूतदार झालाय तुझा पोरगा. पण त्याच्या सांगण्यानं मला काही होत नाही. ते सांगायचा हक्क तुझा होता. तू म्हणाली असतीस, "मेली, तुझ्यामुळं नाय गो," किंवा म्हणाली असतीस, "तुझ्यामुळंच." मी दोन्ही सोसलं असतं. हे असं मधेच सोडलेलं सोसत नाही.

लोक म्हणतात, भांडण काय, मरणाबरोबर गेलं. कुठे गेलं? तू गेलीस, भांडण माझ्याकडे ठेवून. एकटीनं भांडता येत नाही. सकाळी चुलीसमोर बसले की मी दोन्ही बाजू बोलून बघते. तुझी बाजू मला नीट येत नाही. तू इतकं कमी बोलायचीस की माझ्याकडे तुझे शब्दच पुरेसे नाहीत.

मी खूप विचार केलाय यावर, रागानं केलाय, रडून केलाय. त्या खुर्चीवर तू पुन्हा बसलेली असतीस, मॅडमनी पुन्हा विचारलं असतं, आजी, खोकला आहे का, आणि तू नाय म्हणाली असतीस, तर मी पुन्हा सांगितलं असतं. मला माहीत असतं की पुढे काय होणार, तरी सांगितलं असतं. गप्प बसून तुला आत पाठवणं मला जमलं नसतं. इतकंच मला येतं, आणि त्याचा तुला काही उपयोग झाला नाही. म्हणून माफी मागत नाही मी. तू पण माफ करू नकोस. धर अबोला. जन्मभर माझ्याशी बोलू नकोस, बाय. पण इथं, या घरात राहून बोलू नकोस.